खर्ज कोठे गेला?

घरी केलेल्या लाउडस्पीकरच्या खोक्यात पाव किलो कापूस काय करामत करतो, आणि काय करीत नाही

गाण्याचा शौक आणि हाताने काहीतरी करून पाहण्याची खोड, या दोन गोष्टी एकाच माणसात एकत्र आल्या की त्या घरात आज ना उद्या एक लाकडी खोके अवतरते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, तेथून एक-दोन स्पीकर येतात. प्लायवूडचा उरलासुरला तक्ता येतो. सुताराची मनधरणी करून किंवा स्वतःच करवत चालवून त्याचे खोके होते. बाजारातल्या भारी किमतीच्या वस्तूचे काम आपण थोडक्या पैशांत भागवले, या समाधानात तारा जोडल्या जातात आणि घरच्या मंडळींना हाक जाते.

पहिली पाच मिनिटे सर्व ठीक असते. गायकाचा आवाज स्वच्छ येतो. पेटीचे सूर मोकळे येतात. तबल्याची चाट तर इतकी खणखणीत, की शेजारच्या बिऱ्हाडाचे लक्ष जावे. पण हळूहळू ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर एक प्रश्न उमटू लागतो. कोणी म्हणते, “गाणे जरा पोकळ वाटते, नाही?” आणि कोणी स्पष्टवक्ता विचारतो, “काय हो, तबलजी एकाच हाताने वाजवतोय का?”

या दुसऱ्या प्रश्नात विनोद थोडा आणि सत्य फार आहे. डग्गा गेलेला असतो. तंबोऱ्याची खर्जाची तार गेलेली असते. मग जो तो आपापला उपाय सुचवतो. त्यांत एक उपाय हमखास असतो : “खोक्यात कापूस भरा!” हा उपाय खरा आहे, पण तो का खरा आहे, कितपत खरा आहे आणि केव्हा मुळीच खरा नाही, हे ठाऊक असल्यावाचून केला तर होते ते नुकसानच. तेव्हा त्याची थोडी चौकशी करू.

खाली आणि भरी

आपल्या संगीतात खालचा स्वर ही शोभेची झालर नव्हे. त्रितालाचेच उदाहरण घ्या. पहिल्या दोन विभागांत ‘धा धिं धिं धा’ असे भरीचे बोल येतात. नवव्या मात्रेला खाली येते आणि त्या विभागात ‘धिं’चे ‘तिं’ होतात, ‘धा’चा ‘ता’ होतो. आता ‘धिं’ आणि ‘तिं’ यांत फरक कशाचा? उजव्या हाताचे काम जवळजवळ तेच राहते. उणा होतो तो डाव्या हाताचा, म्हणजे डग्ग्याचा, घुमारा. खाली म्हणजे डग्ग्याने धरलेले मौन. ज्या स्पीकरमधून डग्गाच ऐकू येत नाही, त्याला अवघा ताल खालीसारखाच! गाणे ऐकणाऱ्याची रसहानी होते ती वेगळीच. पण घरात एखादे मूल तबला शिकत असेल आणि मोठ्यांचे वादन ऐकून कान तयार करीत असेल, तर त्याच्यापुढचा नकाशाच अर्धा पुसला जातो.

तंबोऱ्याचेही तसेच. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्यात जोडीच्या तारा सेकंदाला सुमारे १३९ कंपनांच्या असतात, आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्याने, म्हणजे सुमारे ६९ कंपनांची. कान मोठा हुशार आहे. मूळ स्वर नाहीसा झाला तरी त्याच्यावरच्या उपस्वरांवरून तो मूळ स्वराचा अंदाज बांधतो. म्हणून तर तळहाताएवढ्या रेडिओवरही तंबोरा ओळखू येतो. पण ओळखू येणे निराळे आणि अंगावर येणे निराळे. पहिल्यात माहिती असते. दुसऱ्यात गाण्याची बैठक असते.

पुढचा वारा आणि मागचा वारा

स्पीकरची रचना वर्षानुवर्षे एकच आहे. शंकूच्या आकाराचा पडदा, त्याच्या बुडाशी तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि त्याभोवती लोहचुंबक. अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली ही रचना मांडली. आजचे बहुतेक स्पीकर तिचेच वंशज होत.

पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. स्पीकर नुसताच हातात धरून वाजवला तर पुढची दाबलेली हवा काठावरून वळसा घालून मागे पळते आणि दोघींचा हिशेब शून्य होतो. वरच्या पट्टीतले स्वर यातून बचावतात, कारण त्यांच्या लाटा आखूड असतात. पण सेकंदाला ५० कंपनांच्या स्वराची लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते. तिच्यापुढे वीतभर पडदा म्हणजे नदीत धरलेली चाळणी. म्हणून खोके हवे. खोक्याचे पहिले काम सुंदर दिसणे नव्हे, तर मागचा वारा मागेच कोंडून ठेवणे हे आहे.

कोंडलेली हवा म्हणजे स्प्रिंग

येथवर सर्वांनाच पटते. गोची पुढे आहे. वारा कोंडला खरा. पण कोंडलेली हवा स्वस्थ बसत नाही. पडदा आत येऊ लागला की ती त्याला बाहेर ढकलते, बाहेर जाऊ लागला की आत ओढते. थोडक्यात, ती स्प्रिंगचे काम करते. आणि खोके जितके लहान, तितकी ही स्प्रिंग ताठ.

ताठपणाचा आणि स्वराचा संबंध आपल्या वादकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पखवाजाच्या धुम्यावर वादक ओली कणीक थापतो, ती कशासाठी? चामड्याचे वजन वाढावे आणि स्वर खाली यावा यासाठी. उलट वादी ताणली, म्हणजे ताठपणा वाढवला, की स्वर चढतो. स्पीकरच्या पडद्यालाही असा स्वतःचा एक स्वाभाविक स्वर असतो. लहान खोक्यात घातल्यावर हवेची स्प्रिंग त्याला चढवते. आणि नियम असा, की बंद खोक्याचा स्पीकर या स्वराच्या खाली एक सप्तक गेला की त्याचा ध्वनिदाब उतरून सुमारे चौथ्या हिश्श्यावर येतो.

आकड्यांत पाहू. समजा, एका स्पीकरचा मोकळ्या हवेतला स्वाभाविक स्वर ४० कंपनांचा आहे आणि त्याच्या पडद्याची लवचीकता ६० लिटर हवेइतकी आहे. तो ६० लिटरच्या मोठ्या खोक्यात घातला तर त्याचा स्वर ५७ वर येतो. ३० लिटरच्या खोक्यात तो ६९ वर चढतो. आणि कपाटाच्या फळीवर मावावे म्हणून आपण १५ लिटरचेच खोके केले, तर तो थेट ८९ वर जातो. शिवाय खोके असे लहान झाले की त्या स्वराजवळ आवाज उगीचच उसळी घेतो. परिणाम असा, की १०० कंपनांच्या आसपासचा प्रत्येक स्वर ढब-ढब वाजतो आणि त्याच्या खालचे सगळे नाहीसे होते. पुष्कळ घरगुती स्पीकरांचे दुखणे नेमके हेच असते : खर्जाचे सोंग भरपूर, खर्ज मात्र नाही.

ट्रान्झिस्टर आणि टेपरेकॉर्डरच्या जमान्यात कित्येकांनी मातीच्या माठावर स्पीकर बसवला होता, तो वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. त्या माठाला उगाच हसू नये. भाजलेल्या मातीची गोल भिंत प्लायवूडपेक्षा ताठ असते आणि समोरासमोरच्या सपाट भिंतींत आवाजाची जी टोलवाटोलवी होते, ती गोलाकारात कमी. पण माठ आपल्याच एका स्वरात घुमतो, आणि मग कोणतेही गाणे लावले तरी खाली तोच एक स्वर हुंकार देत राहतो.

न्यूटनचा हिशेब आणि गादीतला कापूस

आता कापसाकडे वळू. सामान्य समज असा, की कापूस आवाज शोषतो. मग तो खर्ज वाढवील कसा? उलट कमीच करील! शिवाय कापूस भरला की आतली जागा कमी होणार, म्हणजे स्प्रिंग आणखी ताठ होणार. ही शंका रास्त आहे. आणि तिचे उत्तर मिळते ते तीनशे वर्षांपूर्वीच्या एका हिशेबात.

१६८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात आयझॅक न्यूटन यांनी हवेतला आवाजाचा वेग गणिताने काढला. उत्तर आले ते प्रत्यक्ष वेगापेक्षा सुमारे १५ टक्के कमी. चूक कोठे झाली, ते १८१६ साली फ्रेंच गणिती लाप्लास यांनी दाखवले. हवा झटकन दाबली की ती तापते. सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचे बूड गरम लागते, तो अनुभव प्रत्येकाचा आहे. तापलेली हवा अधिक जोराने उसळते, म्हणजे अधिक ताठ होते. आवाजाची लाट इतकी त्वरेने जाते की ही उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही. न्यूटन यांनी हवेचे तापमान कायम राहते असे धरले होते. प्रत्यक्षात हवा त्या हिशेबापेक्षा १.४ पट ताठ वागते.

आणि गंमत पाहा, खोक्यात बारीक तंतू भरले की न्यूटनचा हिशेब पुष्कळसा खरा होऊ लागतो! हवा दाबली गेली की तिची उष्णता जवळचे तंतू घेतात. हवा सैल झाली की ते ती परत देतात. १५ लिटर हवेचे वजन जेमतेम १८ ग्रॅम. तिच्यात दीडशे ग्रॅम तंतू पसरले तर ते हवेच्या आठपट जड; त्यांना एवढीशी उष्णता सांभाळणे काहीच अवघड नाही. आणि त्यांनी अडवलेली जागा म्हणाल, तर ती एका लिटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. तेव्हा जागा नाममात्र कमी होते आणि हवेची स्प्रिंग बरीच मऊ पडते. पडद्याला वाटते, आपण मोठ्या खोक्यात आलो.

किती मोठ्या? सारी उष्णता सांभाळली गेली तर खोके ४० टक्क्यांनी मोठे भासेल. ही झाली कमाल मर्यादा. प्रत्यक्षात १५ ते २५ टक्के पदरात पडतात. आपले १५ लिटरचे खोके भरून सव्वापट झाले असे धरा : ८९ वरचा स्वर ८२ वर येतो. पेटीच्या दीड पट्टीने खाली! त्याबरोबर ती ढब-ढब करणारी उसळीही बसते. पण खोके दुप्पट केले असते तर स्वर ६९ वर आला असता, हेही विसरू नये. एका वाक्यात सांगायचे तर, कापूस खोक्याला सव्वापट करतो, दुप्पट करीत नाही.

या युक्तीने एके काळी जगाच्या दिवाणखान्यांचे रूप पालटले. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर आणि त्यांचे विद्यार्थी हेन्री क्लॉस यांनी एक लहानसा स्पीकर बाजारात आणला. खर्ज हवा तर कपाटाएवढे खोके हवे, अशी तोवरची समजूत. व्हिल्चर यांनी पडद्याची स्वतःची स्प्रिंग अगदी सैल ठेवली आणि ताठपणाचे सारे काम बंद खोक्यातल्या हवेवर सोपवले. आणि त्या खोक्यात काचलोकर भरली. पहिला नमुना घरीच झाला. पडद्याच्या काठाला लागणारे लवचीक कडे त्यांनी जुन्या गादीच्या जाड कापडातून केले आणि त्याचा बेत त्यांच्या पत्नी रोझमेरी यांनी आखून दिला, असे सांगतात. तेव्हा खोक्याचे काम चालू असताना घरातल्या शिवणकामाच्या जाणकारांशी सलोखा ठेवावा, हे इतिहाससिद्ध आहे.

कापसाचे दुसरे काम

तंतूंचे आणखी एक काम आहे, आणि कानाला ते कधीकधी पहिल्यापेक्षा अधिक जाणवते. ३० सेंटिमीटर खोल खोक्याच्या समोरासमोरच्या भिंतींत सुमारे ५७० कंपनांचा स्वर अडकतो आणि पुन्हापुन्हा परततो. पातळ पडद्यातून तो बाहेर झिरपतो आणि गायकाचा आवाज डब्यात बोलल्यासारखा होतो. तंतू ही लाट जिरवतात. मधला गोंगाट सरला की खालचे स्वर, होते तितकेच असूनही, उघडे पडतात.

मात्र येथे एक बारकावा आहे. नुसत्या भिंतींना पातळ थर चिकटवल्याने फारसे साधत नाही, कारण भिंतीला लागून हवा हलतच नाही. ती सर्वांत जास्त हलते खोक्याच्या मध्यावर. तंतू तेथे हवेत. जुन्या घोंगडीचा तुकडा खोक्याच्या मधोमध सैलसा टांगला तरी हे काम पुष्कळ होते.

आधी हे तीन दोष काढा

आता प्रत्यक्ष कामाला लागू. पण थांबा! कापूस आणण्यापूर्वी तीन गोष्टी तपासल्या पाहिजेत, कारण खर्ज हरवण्याची बहुतेक कारणे यांतच सापडतात आणि त्यांना खर्च काहीच नाही.

पहिली, तारांची जोडणी. दोन स्पीकर असतील आणि एकाच्या तारा उलट लागल्या असतील, तर एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. अ‍ॅम्प्लिफायरच्या तारा काढून १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल मोठ्या स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवा. सेलचे धन टोक लाल खुणेला लावल्यावर पडदा बाहेर आला पाहिजे, आणि दोन्ही स्पीकरांचा सारखाच. वरच्या पट्टीच्या छोट्या स्पीकरवर हा प्रयोग करू नये.

दुसरी, फट. बंद खोके म्हणजे खरोखर बंद. चारी बोटे पसरून पडदा हलकेच आत दाबा आणि सोडा. तो सावकाश परतला तर खोके घट्ट. टुणकन परतला तर कोठेतरी हवा निसटते आहे. मग खालचे स्वर असलेले गाणे लावून सांध्यांपाशी पेटती उदबत्ती फिरवा. धूर जेथे थरथरेल तेथे फट. हे काम कापूस भरण्याच्या आधीच उरकावे, हे सांगायला नकोच. सांधे फेव्हिकॉल आणि भुशाच्या लगद्याने किंवा लांबीने बुजवा, आणि स्पीकरच्या कड्याखाली रबराची किंवा फोमची पट्टी घाला.

तिसरी, जागा. हाच स्पीकर खोलीच्या मध्यावर ठेवला तर क्षीण वाटतो आणि भिंतीला सरकवला तर सावरतो. जमीन, भिंत आणि कोपरा ही तिन्ही खालच्या स्वरांना आधार देतात. कोपऱ्यात मात्र तो कधीकधी फाजील होतो. वीत-दीड वीत पुढे-मागे करून पाहावे. बसण्याची जागा बदलली तरी फरक पडतो.

अ‍ॅम्प्लिफायरवरचे खर्जाचे बटण पिळणे हा उपाय नव्हे, हेही येथेच सांगून टाकू. ध्वनिदाब दुप्पट करायला शक्ती चौपट लागते. आणि तोच आवाज एक सप्तक खाली हवा असेल तर पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. लहान स्पीकरला ते झेपत नाही. तो फरफरतो आणि एक दिवस कायमचा मुका होतो.

काय भरावे?

तंतू बारीक हवे, सुटे हवे आणि त्यांतून हवा खेळती हवी. ही एकच कसोटी लक्षात ठेवली की फसगत होत नाही.

उशांत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस घरगुती कामाला सर्वांत सोयीचा. तो गाद्या-उशांच्या दुकानात मिळतो, दबत नाही, ओल धरीत नाही आणि त्याला कसर लागत नाही. दिवाळीच्या साफसफाईत निकालात निघालेली एखादी उशी असेल तर खर्च तेवढाही नाही; फक्त ती धुऊन, उन्हात वाळवून, हाताने नीट पिंजून घ्यावी. गोळे राहिले तर हवा त्यांच्या बाजूने निघून जाते आणि उष्णतेची देवघेव होत नाही. पिंजाऱ्याची कला येथे थेट आवाजाच्या कामी येते.

लोकर उत्तम. इंग्लंडातले ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर आणि लाउडस्पीकरच्या इतिहासातही त्याचे नाव आहे. तेथील कापडाच्या व्यापारातले गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९३२ साली घरच्या तळघरात स्पीकर करावयास घेतले आणि ‘व्हार्फडेल’ हे नाव जगभर नेले. त्याच शहरात अध्यापन करणाऱ्या आर्थर बेली यांनी १९६५ साली लांब तंतूंची लोकर भरलेल्या लांब बोगद्याच्या खोक्याची रचना प्रसिद्ध केली. तंतूंमुळे आवाजाचा वेग कसा मंदावतो, याचे सविस्तर गणित पुढे १९७६ साली ब्रॅडबरी यांनी मांडले. आपल्याकडची दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, पण या कामाला चालते. तिला कसर लागते. म्हणून ती धुऊन, पूर्ण वाळवून, डांबराच्या एक-दोन गोळ्या पुरचुंडीत बांधून सोबत ठेवाव्या.

साधा कापूस चालतो, पण वर्षा-दोन वर्षांत खाली बसतो आणि पावसाळ्यात ओल धरतो. काचलोकर गुणाने चांगली. पण तिचे कण कातडीला खाजवतात आणि श्वासातून जाऊ नयेत, म्हणून हातमोजे आणि नाकाला मुसके बांधूनच ती हाताळावी, पातळ कापडाच्या पिशवीत शिवावी. मुलाबाळांच्या घरात ती टाळलेलीच बरी. थर्मोकोलचा उपयोग शून्य, कारण त्यातून हवा जातच नाही. तो नुसती जागा अडवतो.

किती भरावे?

बंद खोक्याला दर लिटरमागे ८ ग्रॅमपासून सुरुवात करावी आणि फार तर १६ ग्रॅमपर्यंत जावे. म्हणजे १५ लिटरच्या खोक्याला १२० ते २४० ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा या कामी मागून आणावा. (आतली लांबी, रुंदी आणि खोली सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागले की लिटर येतात.) तंतू सगळीकडे सारखे पसरावेत, कोंबू नयेत. स्पीकरच्या मागे जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणून बसवावा, म्हणजे तंतू पडद्यात शिरत नाहीत. खोक्यातच अ‍ॅम्प्लिफायर असेल तर त्याच्या गरम होणाऱ्या भागांपासून कापूस लांब, आडव्या फळीपलीकडे ठेवावा.

एकेक मूठ, म्हणजे तीसेक ग्रॅम, वाढवीत जावे आणि दर खेपेला तेच गाणे, त्याच आवाजात, त्याच जागी बसून ऐकावे. ज्यात डग्ग्याची मीड आहे असा ठेका निवडावा. मीड वरून खाली सलग उतरताना ऐकू आली, मध्येच एका स्वरावर फुगली नाही आणि मध्येच गडपही झाली नाही, की प्रमाण साधले. फार झाले तर डग्गा कोरडा होतो, गाण्याचा जीव आखडतो. तेव्हा एक मूठ काढून घ्यावी.

घरात कॉलेजात जाणारे कोणी असेल तर मोजूनही पाहता येते. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये १०० ओहमचा रोध जोडावा, मोबाइलवरून सेकंदाला ३० ते १५० कंपनांचे स्वर अगदी हळू आवाजात द्यावे आणि स्पीकरच्या टोकांवरचे व्होल्ट मल्टिमीटरने पाहावे. ज्या स्वराला ते सर्वांत जास्त, तो खोक्यातल्या स्पीकरचा स्वाभाविक स्वर. कापूस वाढवीत गेले की हे शिखर खाली सरकते आणि बुटकेही होते. खाली सरकणे थांबले, की हात आखडावा.

भोकाच्या खोक्याचा कायदा निराळा

कित्येक खोक्यांना पुढे किंवा मागे नळीचे भोक असते. हे भोक म्हणजे फट नव्हे. घागरीच्या तोंडावर फुंकर घातली की ती एका स्वरात हुंकारते, तसा या नळीतल्या हवेचा ठरावीक स्वर असतो आणि तोच खालच्या स्वरांना हात देतो. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी या खोक्यांचे गणित बसवून दिले. आज चांगल्या स्पीकरबरोबर जे आकडे छापून येतात, ते त्यांच्याच पद्धतीचे.

अशा खोक्यात कापूस खच्चून भरला तर हुंकार गुदमरतो आणि होता तो खर्जही जातो. येथे फक्त भिंतींना, विशेषतः स्पीकरच्या मागच्या भिंतीला, दोन-तीन बोटे जाडीचा थर द्यावा. स्पीकर आणि नळी यांच्यामधली वाट मोकळी राखावी. “कापूस भरला आणि आवाज बिघडला” ही तक्रार करणाऱ्याच्या खोक्याला बहुधा भोक असते.

अपेक्षा किती ठेवावी?

हे सर्व करूनही काही ठिकाणी निराशा येईल, आणि तिचे कारण खोक्यात नसेल. १९२५च्या सुमारास विजेच्या ध्वनिमुद्रणाला सुरुवात झाली. त्याआधीच्या तबकड्या नुसत्या कर्ण्यापुढे गाऊन मुद्रित केलेल्या. त्यांत खालचे स्वर मुळातच उतरलेले नाहीत. त्या काळातल्या थोर गवयांचे गाणे अवश्य ऐकावे, पण त्यांच्या तबलजीचा डग्गा मागू नये. जे मुद्रित झालेले नाही, ते लोकर निर्माण करीत नाही.

तसेच चार इंची पडद्याकडून ढोलताशाची अपेक्षा करू नये. अजून लाकूड कापायचे असेल, तर मोठे खोके हा अजूनही सर्वांत सरळ मार्ग आहे. दोन बोटे जास्त खोली ठेवलीत तर पुढची निम्मी खटपट वाचेल. पण खोके झालेले असेल, फळीवर बसलेले असेल आणि घरात त्याहून मोठे ठेवायला जागा नसेल, तर पाव किलोच्या आतला कापूस त्याला सव्वापट करून देतो. इतक्या स्वस्तात जागा वाढवून देणारी दुसरी वस्तू आपल्या शहरांत तरी मिळत नाही!

क्रम मात्र चुकवू नका : आधी तारा, मग फटी, मग जागा आणि शेवटी कापूस, तोही मुठीमुठीने. मग त्रितालाचा एखादा विलंबित ठेका लावा आणि घरातल्या लहान मुलाला बोटांवर मात्रा मोजायला सांगा. नवव्या मात्रेला काय झाले, असे विचारा. “डग्गा थांबला,” असे त्याने न सांगता ओळखले, की खोके जमले असे खुशाल समजावे.